डी नऊ आलं, आणि गालावर तीळ आहे

या वेळी पेटीत आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच. ‘ड जीवनसत्त्व कमी असेल तर त्वचेचा कॅन्सर होतो’ असा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. मलाही तो चार जणांनी पाठवला, त्यातले एक तर आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी. नाशिकच्या माझ्या दवाखान्यात हल्ली पेशंट खुर्चीत बसायच्या आधी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवतो आणि मग विचारतो, “मॅडम, कॅन्सर तर नाही ना होणार?” म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आणि ही पाच घेतली. पत्रं लांब होती, थोडी कापली आहेत.

डॉक्टरताई, नमस्कार. मी ठाण्याला राहते, वय ४६, बँकेत नोकरी. सकाळी ७:५२ ची लोकल, परत येईपर्यंत अंधार. चेहऱ्यावर वांग आहे म्हणून दहा वर्षं सनस्क्रीन लावते, बाहेर पडले की स्कार्फही असतो. कंबर आणि पाय फार दुखायला लागले म्हणून तपासणी केली, तर डी ९ आलं. त्यातच तो कॅन्सरचा मेसेज. माझ्या गालावर कॉलेजपासून एक तीळ आहे. आता सनस्क्रीन बंद करून गच्चीत बसू, की उन्हानं कॅन्सर होतो म्हणून बसूच नको? मैत्रीण एक सांगते, नणंद दुसरं.

आधी तिळाचं, कारण पत्र लिहायला बसलात ती त्या तिळापायी. कॉलेजपासून आहे, आकार तोच, रंग तोच, कडा गोल, तर त्याला त्याच्या जागी राहू द्या. चाळिशीनंतर नव्यानं उगवलेला, पसरत चाललेला, एकाच डागात दोन-तीन रंग दिसणारा, वेड्यावाकड्या कडेचा किंवा आपोआप रक्त येणारा डाग मात्र दाखवायला हवा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

आता नऊचं. हे नऊ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर. वीसच्या खाली आलं की साधारणपणे कमतरता म्हणतात, तेव्हा तुमचं कमीच आहे आणि अंगदुखी त्यामुळे असू शकते. नडगीचं हाड अंगठ्यानं दाबून बघा, दुखलं तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. लाजू नका. माझं स्वतःचं अकरा आलं होतं. बेसमेंटच्या पार्किंगमधून गाडी काढायची, दवाखान्याच्या दारात लावायची, आणि दिवसभर लोकांना उन्हावर व्याख्यान द्यायचं. नवरा अजून त्यावरून टोमणे मारतो.

कॅन्सरचा गोंधळ कुठून येतो ते जरा सविस्तर सांगते. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘बी’ जातीचे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण कातडीत शिरतात. तिथे कोलेस्टेरॉलचं एक भावंड बसलेलं असतं, त्याच्यावर ते पडले की ड जीवनसत्त्व तयार होऊ लागतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. पण हेच किरण त्याच कातडीतल्या पेशींच्या डीएनएवरही पडतात आणि त्याची वीण बिघडवतात. बहुतेक बिघाड शरीर दुरुस्त करतं. वर्षानुवर्षं साठलेला, दुरुस्तीतून निसटलेला बिघाड म्हणजे गोऱ्या लोकांच्या त्वचेच्या कॅन्सरची सुरुवात. देणारा आणि बिघडवणारा किरण एकच, म्हणून संशोधनाचे आकडे एकमेकांच्या अंगावर येतात.

डेन्मार्कमध्ये रक्तातलं डी मोजून लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं, तर ज्यांचं डी जास्त त्यांना त्वचेचे कॅन्सर जास्त झालेले दिसले. डीनं कॅन्सर केला का? नाही, ऊन जास्त घेतलं म्हणून दोन्ही वाढलं. उलट इंग्लंडमधल्या लीड्सला मेलॅनोमाच्या रुग्णांचं डी तपासलं, तर ज्यांचं कमी त्यांची गाठ जास्त खोल गेलेली. मेलॅनोमा म्हणजे तिळासारखा दिसणारा, सगळ्यांत घातक प्रकार. आता कमी डीमुळे गाठ वाढली, की आजारी, बैठ्या, वजन वाढलेल्या माणसाचं डी आधीच कमी होतं? नुसती रक्ततपासणी याचं उत्तर देऊ शकत नाही.

तुमचा मेसेज बहुधा फिनलंडवरून आला असावा. कुओपिओच्या विद्यापीठ रुग्णालयात ४९८ जणांना विचारलं, डीच्या गोळ्या घेता का. नियमित घेणाऱ्यांमध्ये मेलॅनोमा कमी आढळला. बातम्यांमध्ये त्याचं ‘डी घ्या, कॅन्सर टाळा’ झालं आणि आपल्याकडे पोचेपर्यंत ‘डी कमी तर कॅन्सर’. ज्या घरात रोज तुळशीपुढे दिवा लागतो त्या घरात भांडणं कमी होतात असं समजा कुणी मोजलं, तर तेलाच्या बाटलीवर ‘भांडणावर रामबाण’ असं लेबल लावायचं का? रोज न चुकता गोळी घेणारा माणूस टोपीही घालतो, डॉक्टरकडेही वेळेवर जातो.

खरी परीक्षा म्हणजे निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ स्त्रियांवर ती झाली: कॅल्शियम आणि रोज ४०० युनिट डी, सुमारे सात वर्षं. त्वचेचा कॅन्सर दोन्ही गटांत सारखाच निघाला. डोस फार कमी होता असं काहींचं म्हणणं पडलं, ते खरंही आहे. मग २५,८७१ जणांना रोज २००० युनिटवर पाच वर्षं पाहिलं. नवे कॅन्सर कमी झाले नाहीत. तेव्हा माझं मत सरळ आहे. डी कमी असल्यानं त्वचेचा कॅन्सर होतो असं म्हणायला आज आधार नाही, आणि गोळीनं तो टळतो असं म्हणायलाही नाही. तुमचं नऊ भरून काढायचं ते हाडांसाठी आणि त्या कंबरेसाठी. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा, गोळी जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दर पंधरा दिवसांनी मोजून काही कळत नाही, फक्त लॅबचं भाडं निघतं.

सनस्क्रीन बंद करू नका. तुम्ही ते वांगासाठी लावता आणि वांग उन्हानं गडदच होतो. चेहरा झाका, हात-पाय उघडे ठेवा, एवढी साधी वाटणी आहे. डी तयार करायला चेहराच लागतो असं काही नाही.

आणि कोवळं ऊन. इथे मी नेहमी लोकांचा रोष ओढवून घेते. सकाळी सात-साडेसातचं ऊन अंगाला गोड लागतं, पण सूर्य इतका खाली असताना ‘बी’ किरण वातावरणातच अडकतात आणि डी फारसं होत नाही. खूण सोपी आहे, आपली सावली बघा. ती आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन फक्त शेकण्यापुरतं. आखूड झाली की कामाचं. नाशिक-ठाण्याकडे डिसेंबरातही भर दुपारी सावली आपल्यापेक्षा किंचित आखूडच राहते, म्हणून आपल्याला बाराही महिने ऊन मिळतं. लंडनला हिवाळ्यात ते मिळतच नाही. तेव्हा बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर फिरा, बाह्या वर करून, आठवड्यातून तीन-चार दिवस. कातडी लाल होईपर्यंत नाही. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन ही अंगभूत छत्री आहे, म्हणून गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला वेळ जास्त लागतो, आणि त्याच छत्रीमुळे आपल्याकडे उन्हाचा कॅन्सर कमी दिसतो. लोकलच्या किंवा ऑफिसच्या बंद काचेतून आलेलं ऊन मोजू नका. काच ‘बी’ किरण अडवते आणि काळवंडणारे ‘ए’ किरण सोडते, म्हणजे वांग वाढणार आणि डी शून्य. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली, नाहीतर अंड्याचा पिवळा बलक. शाकाहारी असाल तर दूध-तेलाच्या पिशवीवर ‘प्लस एफ’चं निळं चिन्ह बघून घ्या, त्यात अ आणि ड घातलेलं असतं. पण नुसत्या खाण्यानं नऊचं तीस होणार नाही.

डॉक्टर, मी मूळची सांगलीची, वय ६३. लेकीच्या बाळंतपणाला ब्रिस्बेनला आले आहे. नात तीन महिन्यांची. मी तिला तेल लावून सकाळच्या उन्हात धरायला निघाले, तर लेक आणि जावई दोघं अंगावर आले. म्हणे इथलं ऊन विषारी आहे. आमच्या तीन पिढ्या उन्हात शेकून वाढल्या. कोणाचं बरोबर?

मावशी, या वेळी लेकीचं ऐका. पण सगळं नाही, अर्धंच.

तिथला धसका उगाच नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत दर तीन माणसांतल्या दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर निघतो. इंग्लंड-आयर्लंडच्या ढगाळ हवेतली कातडी घेऊन लोक तिथल्या लख्ख उन्हात जाऊन राहिले, त्याची ही किंमत. १९८१ पासून तिथे ‘अंगरखा घाला, क्रीम थापा, टोपी चढवा’ अशी मोहीम चालू आहे आणि तुमचे जावई त्याच हवेत रुळलेत. तुम्ही आहात तिथून उत्तरेला नॅम्बोर नावाचं गाव आहे, मोटारीनं दीड-एक तास. १९९२ मध्ये तिथल्या १,६२१ लोकांवर प्रयोग झाला. रोज न चुकता सनस्क्रीन लावणाऱ्या गटात साडेचार वर्षांत त्वचेच्या एका प्रकारच्या कॅन्सरच्या गाठी चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे मेलॅनोमाही कमी दिसला. सनस्क्रीन लावणाऱ्यांचं डी त्यामुळे घसरलेलंही आढळलं नाही. ठाण्याच्या ताईंनी हेही वाचावं.

पण हे गोऱ्या कातडीचं गणित. २०२४ मध्ये तिथल्याच तज्ज्ञांनी सांगितलं की सगळ्यांना एकच नियम लावू नका: गडद कातडीच्या माणसांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका कमी आणि डीच्या कमतरतेचा जास्त. हे वाक्य जावयांना जेवताना वाचून दाखवा.

मात्र नात तीन महिन्यांची आहे. एवढ्या बाळाची कातडी कोणत्याही रंगाची असो, पातळच असते. कडक उन्हात तिला धरायचं नाही, आणि सकाळच्या ज्या उन्हात तुम्ही धरू बघता त्यानं डी फारसं होत नाही, म्हणजे हट्ट करण्यासारखं काही उरतच नाही. आईच्या दुधात डी फार थोडं असतं, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देतात. लेकीला तिथल्या डॉक्टरांकडे थेंबांचं विचारायला सांगा, आणि तिचं स्वतःचंही डी तपासून घ्यायला सांगा. तुमच्या तीन पिढ्या शेकून वाढल्या हे खरं. पण त्याच काळात आपल्याकडे मुडदुसानं पाय वाकलेली मुलंही होती. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील उजेडात बसवलं आणि त्यांची हाडं सुधारली, तेव्हा कुठे उन्हाचा आणि हाडांचा संबंध पक्का झाला.

तेलमालीश घरात खुशाल करा, त्याला कुणाची ना नाही.

मेडिकलवाला म्हणतो, डीची ६० हजार युनिटची पुडी रोज घेतली तरी चालते, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. खरं का? – जळगाव

साफ खोटं. लघवीवाटे निघून जातं ते बी आणि सी. डी चरबीत साठतं. ही पुडी बहुतेकांना आठवड्याला एक अशी काही आठवडे आणि मग महिन्याला एक अशी लिहून देतात. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते अंगाच्या खाजेसाठी. बोलता बोलता कळलं, तहान भागत नाही, शौचाला होत नाही, ओकाऱ्या होतात, घरचे म्हणतात अर्धवट बोलतात. चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला’ कुणीतरी ‘रोज’ वाचलं होतं, अडीच महिने. रक्तातलं कॅल्शियम १४. साडेदहाच्या आसपास त्याची वरची मर्यादा असते. दवाखान्यात भरती करून सलाईनवर ठेवावं लागलं, मूत्रपिंडाला झळ बसली ती वेगळीच. ऑस्ट्रेलियात याच ६० हजारांच्या डोसवर साठी उलटलेल्या २१,३१५ लोकांचा मोठा प्रयोग झाला होता. महिन्याला एक. पाच वर्षं घेऊनही मृत्यूंचं प्रमाण कमी झालं नाही. ज्याला कमतरता नाही त्याला पुडीचा फायदा शोधूनही सापडत नाही, आणि तुम्ही रोज घ्यायला निघालात.

माझा पुतण्या सातवीत आहे. जन्मापासून केस, भुवया, कातडी सगळं पांढरं आहे. डी कमी आलं म्हणून शाळेतले सर त्याला मुद्दाम मैदानात उन्हात बसवतात. चालेल का? – नंदुरबार

अजिबात नाही. आजच सरांना हा अंक दाखवा. वर मी ज्या अंगभूत छत्रीबद्दल लिहिलं, ती या लेकराला जन्मतःच मिळालेली नाही. आपल्याकडे उन्हानं होणारा त्वचेचा कॅन्सर खरोखर कुणाला गाठत असेल तर या मुलांना, आणि तोही तरुण वयात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, उघड्या भागावर एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, खेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. डी औषधानं भरून काढता येतं, त्यासाठी ऊन नको. न भरणारी जखम किंवा खरखरीत खपली दिसली तर थांबू नका, आणि काही नसलं तरी सहा महिन्यांनी त्वचा तपासून घ्या. त्याला फळा नीट दिसत नसेल. पहिल्या बाकावर बसवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही न्या. (अंगावर कोड असलेल्यांनी हे वाचून घाबरू नये, तो आजार वेगळा. कोडामुळे कॅन्सरचा धोका वाढत नाही.)

मॅडम, आम्ही कराडजवळचे शेतकरी. वडील ६१ वर्षांचे. तळपायाला टाचेशेजारी काळा डाग आहे, वर्षापूर्वी वाटाण्याएवढा होता, आता रुपयाएवढा झालाय. चार महिन्यांपासून चिघळतोय. ते म्हणतात काटा मोडला असेल. रक्त तपासलं तर डी १६ निघालं, त्याची गोळी चालू केली. कॅन्सर उन्हानं होतो आणि तो गोऱ्यांना, मग तळपायाला तर ऊनच लागत नाही. गोळीनं डाग जाईल का?

हे पत्र आलं त्याच दिवशी मी मुलाला फोन केला. इथे छापतेय ते दुसऱ्या कुणाच्या घरी असाच डाग असेल म्हणून.

गोळीनं डाग जाणार नाही आणि गोळीची वाटही बघायची नाही. मेलॅनोमा आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण सावळ्या माणसाला होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथे ऊन लागत नाही, मेलॅनिनची छत्रीही तिथे विरळ, आणि या प्रकाराचा उन्हाशी संबंधच दिसत नाही. गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो निघाला, १९७७ मध्ये. फुटबॉल खेळताना लागलं असेल असंच आधी वाटलं होतं. १९८१ मध्ये तो गेला, वय छत्तीस. काटा, खिळा, ठेच, चपलेचं घासणं, ही सगळी कारणं मी आयुष्यभर ऐकत आलेय, आणि प्रत्येक वेळी त्यात सहा-आठ महिने गेलेले असतात.

आपल्या लोकांचे त्वचेचे कॅन्सर उन्हापेक्षा असल्या दुर्लक्षित जागी जास्त भेटतात. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्याचा वीस वर्षांचा वण अचानक फुटतो. परकराची नाडी घट्ट बांधून कंबरेला पडलेला काळा पट्टा चिघळतो आणि बाई तो लाजेनं दाखवत नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतराच्या काचण्यानं कंबरेला होणाऱ्या कॅन्सरवर लिहून ठेवलं आहे. नऊवारीची, परकराची, धोतराची गाठ रोज एकाच जागी बांधू नका, एवढं तरी घरातल्या मोठ्यांना सांगा.

वडिलांना बायोप्सीची भीती वाटत होती. सुई लागली की कॅन्सर पसरतो, असं गावात कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलं होतं. मी फोनवर त्यांच्याशीच बोलले. म्हटलं, काका, उसाला कीड लागली की तुम्ही कांडं चिरून बघता, तेव्हा कीड पसरते का? ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लागणीचं काम उरकलं की येतो.” मी म्हटलं, लागण मुलगा करील, तुम्ही सोमवारी निघा. जांघेत गाठ लागते का तेही डॉक्टरांना बघू द्या, आणि दुसरा पाय, सगळी नखं, तळहातही दाखवा.

सोमवारी नाही, बुधवारी गेले. बायोप्सी झाली आहे. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी.